तीन नंबरची गाडी

(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: सकाळचे सहा. मक्याच्या शेतांमधून जाणारा दुपदरी रस्ता. दिवे लावून येणाऱ्या जुन्या गाड्यांची लांब रांग.]

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं हे आयोला. वस्ती तेराशेच्या आसपास. जुलै महिन्यातले तीन दिवस मात्र गावालगतच्या माळावर दोन हजारांहून जास्त जुन्या गाड्या उभ्या राहतात. शेजारी सुट्या भागांचा बाजार भरतो, तंबू पडतात, आणि गावात शिरायला गाड्यांची ही अशी रांग लागते. गावातल्या आणि पंचक्रोशीतल्या संस्थांची माणसं पार्किंगला उभी राहतात, तिकिटं फाडतात, सॉसेज भाजतात. त्यातून येणाऱ्या पैशावर त्या संस्थांची वर्षभराची कामं निघतात.

सुरुवात अगदी साधी होती. १९७२ साली लायन्स क्लबची चिकन बार्बेक्यूची पंगत होती. तिच्या जोडीला काही जुन्या गाड्या आणून उभ्या केल्या, इतकंच. त्यामागे होता गावातलाच एक सुतार, चेस्टर क्राउझ. १९५२ मध्ये त्याने नाणी जमवणाऱ्यांसाठी एक वर्तमानपत्र काढलं होतं. पुण्या-मुंबईतले नाणीसंग्राहक एखाद्या नाण्याचा ‘केएम नंबर’, म्हणजे नाण्यांच्या सूचीतला क्रमांक, विचारतात ना, त्यातला ‘के’ म्हणजे हाच माणूस. नाण्यांचं बस्तान बसल्यावर १९७१ मध्ये त्याने ‘ओल्ड कार्स’ हे जुन्या गाड्यांचं पत्र सुरू केलं.

[दृश्य: पत्राच्या जुन्या अंकांची पानं. किमतींचे तक्ते.]

नाणेवाल्या माणसाला प्रतवारीशिवाय चैन कशी पडणार? नाणं किती झिजलंय यावर त्याची किंमत, तशीच गाडीचीही. ‘ओल्ड कार्स’च्या किंमतपुस्तिकेने एक ते सहा अशी उतरंड रूढ केली. सहा नंबर म्हणजे भंगार, फक्त सुटे भाग काढून घ्यायचे. पाच म्हणजे अजून जीव आहे, पण काम डोंगराएवढं. एक नंबर म्हणजे निर्दोष. स्क्रूच्या खाचेतसुद्धा धूळ नाही.

आता यातली गंमत बघा. एक नंबरची गाडी चालवत नाहीत. ती बंद ट्रेलरमधून येते, उतरते, दिवसभर उभी राहते आणि पुन्हा ट्रेलरमध्ये चढते. चालवली तर खालच्या बाजूला खडे उडतील, सायलेन्सरचा पाइप तापून निळसर पडेल, आणि गाडी दोन नंबरवर येईल. गाडी म्हणून तिचं काम संपलेलं असतं.

तीन नंबरला इथे ‘वीस फुटी’ म्हणतात. वीस फुटांवरून झकास दिसते. जवळ गेलात की दाराच्या कडेला रंग उडालेला, सीटच्या शिवणीला नंतर घातलेला टाका, क्रोमवर बारीक पुटकुळ्या. पण किल्ली फिरवली की चालू होते, आणि मालक तिच्यात बसून घरी जातो. आमचा हा माहितीपट या तीन नंबरवाल्यांचा आहे. एक नंबरवाल्यांची कौतुकं करायला चकचकीत मासिकं पुष्कळ आहेत.

[दृश्य: दुसरं एक लहान गाव. मुख्य रस्ता लाकडी अडथळे लावून बंद केलेला. दोन्ही बाजूंना गाड्या, बॉनेट उघडी.]

आयोलाचं नाव मोठं. पण विस्कॉन्सिनमधल्या उन्हाळ्यात असा शनिवार सापडणं कठीण, की कुठल्याच गावाने आपला मुख्य रस्ता बंद करून गाड्या मांडल्या नाहीत. दहा-पंधरा डॉलर भरायचे, काचेवर लावायचं कार्ड घ्यायचं, त्यावर गाडीचं साल आणि मॉडेल लिहायचं, आणि दाखवतील तिथे गाडी लावायची. बॉनेट वर. मागे दोन घडीच्या खुर्च्या, थंड पाण्याचा डबा. कोपऱ्यावरच्या स्पीकरवर १९५० च्या दशकातली गाणी, जरा जास्तच मोठ्याने.

बघणाऱ्यांसाठी रीतभात ठरलेली आहे. गाडीला हात लावायचा नाही. बक्कल असलेला पट्टा घालून गाडीवर वाकायचं नाही, कारण रंगावर ओरखडा तिथूनच येतो. किंमत विचारायची नाही. ‘तुमच्याकडे किती वर्षं आहे?’ असं विचारायचं. मग बसा ऐकत. या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देणारा मालक आम्हाला अजून भेटलेला नाही.

[दृश्य: जवळून. कापसाची काडी बंपरवरच्या अक्षरांच्या खाचेतून फिरते आहे.]

आदल्या दिवशीची तयारी बघण्यासारखी असते. आधी भरपूर पाणी, कारण कोरड्या धुळीवर फडकं मारलं तर तीच धूळ पॉलिश पेपरसारखी रंगावर फिरते. मग रंगावर बसलेले न दिसणारे कण मऊ चिकणमातीसारख्या गोळ्याने उचलायचे. त्यावर मेण. हे कार्नौबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या पानांवरून येतं. टायरची पांढरी पट्टी घासायला जुना टूथब्रश. अक्षरांच्या खाचांना कापसाची काडी. आणि हे सगळं झाल्यावर रात्री पाऊस.

गाडी धुणं हा सोपा भाग. विस्कॉन्सिनमधला खरा शत्रू मीठ आहे. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, आणि ते पत्र्याच्या सांध्यांत, दाराखालच्या पोकळीत जाऊन बसतं. गंज आतून सुरू होतो. बाहेर फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा पापडासारखा झालेला असतो. मग कोणी नवा पत्रा कापून वेल्डिंग करतं, कोणी नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारतं. गाडी विकत घ्यायला निघालेले अनुभवी लोक खिशात फ्रिजवरचं लोहचुंबक ठेवतात. मऊ कापडात गुंडाळून पत्र्यावर टेकवायचं. चिकटलं नाही की समजायचं, इथे आत लांबी आहे.

[दृश्य: एका गाडीचं इंजिन. पेट्रोलच्या नळीला लावलेले कपड्यांचे लाकडी चिमटे.]

हे चिमटे मुद्दाम लावलेले आहेत. जुन्या इंजिनात पेट्रोलची नळी तापलेल्या भागांच्या जवळून जाते. रांगेत, उन्हात, गाडी रेंगाळली की नळीतलं पेट्रोल उकळतं, त्याचे बुडबुडे होतात आणि पंपाला ओढायला पेट्रोलच उरत नाही. गाडी रस्त्याच्या मधोमध बंद. लाकडी चिमटे उष्णता शोषून घेतात, असं म्हणणारा एक पक्ष आहे. ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, असं म्हणणारा दुसरा. दुसऱ्या पक्षातल्यांच्या नळीवरही चिमटे असतात.

[दृश्य: रांगेतल्या गाड्या: रॅम्बलर, जॅव्हलिन, ग्रेमलिन.]

बाहेरून येणाऱ्याला अमेरिकन जुनी गाडी म्हटलं की १९५७ ची शेवरले बेल एअर किंवा पहिली फोर्ड मस्टँग आठवते. त्या इथे आहेतच. पण विस्कॉन्सिनमध्ये माणसं थबकतात ती रॅम्बलरपाशी. मिशिगन तलावाच्या काठी केनोशा नावाचं शहर आहे. तिथे १९०२ मध्ये पहिली रॅम्बलर बनली. १९१६ मध्ये तो कारखाना चार्ल्स नॅशने घेतला. १९५४ मध्ये नॅश आणि हडसन या कंपन्या एकत्र येऊन अमेरिकन मोटर्स झाली. १९८७ मध्ये क्रायस्लरने ती विकत घेतली, आणि पुढच्याच वर्षी केनोशात गाड्या जोडणं थांबलं.

ग्रेमलिन ही अमेरिकन मोटर्सची ठेंगणी गाडी, मागून कापल्यासारखी. १९७० मध्ये ती बाजारात आली ती १ एप्रिलला, त्यामुळे थट्टा करायला निमित्तच मिळालं. सर्वांत स्वस्त मॉडेल १,८७९ डॉलरला होतं. मोठ्या लिलावांत तिला कोणी फारसं विचारत नाही. इथे मात्र तिच्याभोवती कोंडाळं असतं. कोणाचे वडील दारं बसवायला होते, कोणाची आत्या सीटच्या खात्यात होती. ‘आमच्या घरी अशीच होती’ हे वाक्य प्रत्येक प्रदर्शनात ऐकू येतं. केनोशाच्या आसपास मात्र ‘ही आमच्या घरच्यांनी बनवलेली’ असं म्हणणारे भेटतात.

विस्कॉन्सिनमधल्याच जेन्सव्हिल शहराचीही तीच गोष्ट. तिथे जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९२३ पासून शेवरले बनत. २३ डिसेंबर २००८ रोजी तिथली शेवटची गाडी, शेवरलेची ‘टाहो’, बाहेर पडली. कारखाना गेला, पण त्या हातांनी जोडलेल्या गाड्या अजून या गावांमधून फिरताहेत, आणि जोडणारी काही माणसंही.

जाता जाता मराठी प्रेक्षकांसाठी एक. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीलाही जोडणीचा कारखाना काढला होता. खोक्यांमधून आलेल्या सुट्या भागांतून तिथे शेवरले उभ्या राहत. १९५४ मध्ये तो बंद पडला. त्यामुळे १९३० च्या दशकातली शेवरले इथे समोर आली आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला आहे हे क्षणभर विसरलं, तर आपल्या आजोबांच्या मुंबईतली टॅक्सी म्हणूनही ती सहज खपेल.

[दृश्य: हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद आणि पेन घेतलेले तिघे एका गाडीभोवती.]

परीक्षण हा भांडणाचा विषय. मोठ्या पातळीवर अमेरिकेत १९३५ पासून चालत आलेला जुन्या गाड्यांचा क्लब आहे, एएसीए. त्यांची पद्धत ४०० गुणांची. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी हवी. चुकीचा क्लॅम्प, गुण वजा. चुकीच्या जातीची वायर, गुण वजा. यात एक मेख आहे. १९५० च्या दशकात कारखान्यातून निघालेल्या साध्या गाडीची दारं नीट बसलेली नसत, रंगावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे असत. आज लाखभर डॉलर ओतून तीच गाडी इतकी गुळगुळीत करतात, की ती कधीच तशी नव्हती. तरीही या क्लबचा एक नियम आम्हाला मनापासून पटतो: परीक्षणाच्या मैदानावर गाडी स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर आली पाहिजे. पेनसिल्व्हेनियात हर्शी इथे ऑक्टोबरमध्ये भरणाऱ्या त्यांच्या मेळाव्यात पहाटे गाड्या मैदानात शिरताना बघायला लोक मुद्दाम लवकर उठतात.

कॅलिफोर्नियातलं पेबल बीचचं प्रदर्शन तर श्रीमंतांचं माहेरघर, १९५० पासूनचं. तिथेही १९९८ पासून प्रदर्शनाआधी गाड्यांची रस्त्यावरची फेरी असते. दोन गाड्यांचे गुण सारखे झाले, तर फेरी पुरी केलेली गाडी वर जाते. म्हणजे चालणारी गाडी जास्त खरी, हे तिथेही कुठेतरी मान्य आहे.

लहान गावात बहुधा असा काटेकोरपणा नसतो. गाडी मांडणाऱ्याला चिठ्ठी मिळते, आवडलेल्या गाडीचा क्रमांक लिहून पेटीत टाकायची. एक चषक महापौरांच्या पसंतीचा, एक पोलिसप्रमुखांच्या. गावातला टायरवाला आपल्या नावाचा चषक देतो आणि तो आपल्याच गिऱ्हाइकाला मिळाला तर हसतो. अन्याय होतो का? होतोच. दरवर्षी त्याच लाल कॉर्व्हेटला चषक का, हा प्रश्न आम्ही एकाच दुपारी वेगवेगळ्या खुर्च्यांवरून ऐकला.

[दृश्य: मागची रांग. विसाव्या शतकाच्या शेवटच्या आणि त्यानंतरच्या गाड्या.]

विस्कॉन्सिनमध्ये संग्राह्य गाडीसाठी वेगळी नंबरप्लेट मिळते. अट अशी, की गाडी किमान २० वर्षं जुनी हवी, तिचा मूळ ढाचा बदललेला नको, आणि रोजच्या वापराला मालकाकडे दुसरी गाडी हवी. जानेवारी महिन्यात ही गाडी रस्त्यावर आणायची नाही, काही मोजके अपवाद सोडून. थंडीत आणि मिठात तशीही कोण आणणार!

पण या २० वर्षांनी आता पंचाईत केली आहे. २००५ ची गाडी २०२५ मध्ये पात्र झाली. प्रदर्शनाच्या मागच्या रांगेत पंचविशीतली पोरं आपल्या जपानी गाड्या घेऊन येतात. जुने मालक कुरकुर करतात: या गाड्या कसल्या जुन्या, या तर आमच्या सुनेकडे होत्या! बॉनेट उघडलं तर काळं प्लॅस्टिकचं झाकण, इंजिन दिसतच नाही. मग एखादे आजोबा न राहवून विचारतात, हे झाकण निघतं का रे? पोरगा चार बोल्ट काढतो. आजोबा आत वाकतात, आणि कुरकुर जाऊन चौकशी सुरू होते: इंजिनात साखळी आहे की पट्टा, ऑइल किती मैलांनी, गंज कुठून लागतो. गंजाची जागा दोघांच्या गाडीत सारखीच निघते.

[दृश्य: दुपारचे तीन. छोटं व्यासपीठ, टेबलावर चषक. आभाळ भरून आलेलं.]

बक्षिसं सुरू झाली तेव्हा निम्मे लोक पावसाच्या धास्तीने निघून गेले होते. यादीत शेवटी एक चषक असतो, अशा बहुतेक प्रदर्शनांत असतो: सगळ्यात लांबून आलेल्या गाडीचा. यंदा तो मिळाला शेजारच्या आयोवा राज्यातून आलेल्या एका जोडप्याला. त्यांच्या पिवळ्या ग्रेमलिनच्या मडगार्डवर रंग उडालाय, आणि बॉनेटवर वाटेतल्या किड्यांचा सडा. मालकाने माइकवर एवढंच सांगितलं की येताना एकदा गाडी तापली होती, आणि जाताना बायको चालवणार आहे. या चषकाला पोलिसप्रमुखांची पसंती लागत नाही, ४०० गुणही लागत नाहीत. फक्त ट्रेलरवरचे मैल त्यात धरत नाहीत.