टॉर्चच्या उजेडात काळी गाडी

नाशिकची अंबड एमआयडीसी. सकाळचे साडेआठ. शटर निम्मंच वर गेलंय आणि आत एक काळी गाडी उभी आहे. लांबून चकचकीत दिसते. टॉर्च जवळ नेला की दिव्याभोवती कोळ्याचं जाळं उमटतं.

याला स्वर्ल म्हणतात. हायवेची धूळ अंगावर घेऊन गाडी घरी येते आणि सकाळी कोरड्या फडक्याने पुसली जाते. फडक्याखाली धूळही घासली जाते. चरे खरं तर आडवेतिडवे असतात, उजेडात ते गोल दिसतात.

हे चरे बुजवून जात नाहीत. आजूबाजूचा थर घासून चऱ्याच्या तळापर्यंत उतरवावा लागतो.

रंगाचा थर किती जाड आहे, ते या मीटरवर बघा. दारावर ११८, छतावर १२२. हे मायक्रॉन आहेत. एका मिलिमीटरमध्ये असे १०००. प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट, सगळं त्यात आलं. वरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाहून पातळ. उन्हापासून रंगाला जपणारा थर हाच. घासून गेला की परत येत नाही.

म्हणून पॉलिशिंगचं मशीन घेताना ‘किती वॅटचं?’ हा पहिला प्रश्न नको.

टेबलावर दोन मशीन ठेवली आहेत. डावीकडचं रोटरी. गॅरेजमध्ये बफिंग म्हटलं की हेच हातात येतं. पॅड एकाच आसावर गरगर फिरतं, भराभर कापतं, आणि जागेवर थांबलं की तिथेच तापतं. सँडपेपरच्या घासाईचे खोल ओरखडे काढायला मुरलेल्या हातात ते अजूनही लागतं. नवशिक्याच्या हातात मात्र उन्हात चमकणारे पट्टे, म्हणजे होलोग्राम, सोडून जातं.

उजवीकडचं ड्युअल ॲक्शन, म्हणजे डीए. यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि छोट्या वर्तुळातही घुमतं. त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे थ्रो.

मशीन चालवणाऱ्या दादांनी बॅकिंग प्लेटवर, म्हणजे पॅड बसतं त्या चकतीवर, मार्करने एक रेघ ओढली आहे. मशीन सुरू झालं, रेघ दिसेनाशी झाली. आता ते हात दाबतायत. बघा, रेघ पुन्हा दिसायला लागली. पॅडचं फिरणं थांबलंय, नुसती थरथर उरली आहे. दाब वाढला की डीए असं अडतं. ही त्याची उणीव खरी, पण नवख्या हाताला तीच वाचवते.

थ्रोचं गणित पॅनेलवर ठरतं. २१ मिलिमीटरचं मशीन बोनेट, छत अशा सपाट जागी झपाट्याने चालतं, पण दाराच्या वळणावर अडतं. ८ मिलिमीटरचं वळणावर बरं, मोठ्या पॅनेलला वेळखाऊ. गिअरवर फिरणारं डीएही मिळतं. ते दाबाखाली अडत नाही, आणि तापही जास्त करतं. पहिलंच मशीन घेणाऱ्याला आम्ही १५ मिलिमीटरचं साधं डीए घ्या असं सांगू. उरलेले पैसे चांगल्या पॅडवर घाला. एका गाडीला एक पॅड पुरत नाही. कंपाउंडने, म्हणजे घासायच्या पेस्टने, भरलं की कापणं बंद होतं.

आता बोनेटवर निळी टेप. कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो, म्हणून आधी कडा झाकल्या. मधे दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन. मऊ फोमचं पॅड, त्यावर पॉलिशचे चार थेंब. आधी हळू वेगात पसरवून घेतलं, मग वेग वाढवला. हात सावकाश चालतोय, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढतोय. आधी आडवं, मग उभं. मऊ पॅडने भागलं तर कडक पॅडला हात लावायचाच नाही.

शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं. पॉलिशमधलं तेल चऱ्यांत बसून ते लपवतं. ते निघालं की खरं काय ते दिसतं.

बंपर प्लास्टिकचा. हे मीटर तिथे चालत नाही आणि उष्णताही पसरत नाही. माझ्या गाडीच्या बंपरची कड एका गॅरेजमध्ये रोटरीने जाळली होती. बंपर पुन्हा रंगवावा लागला.

पुन्हा टॉर्च. टेपच्या डावीकडे जाळं तसंच आहे. उजवीकडे काळ्या रंगात नुसता दिवा.

उरलेलं बोनेट, छत, चार दारं आणि डिकी अजून बाकी आहे.