हंस तारकासमूहातले बारा तास

नमस्कार श्रोतेहो.

घरी दुधाचा रतीब असला की कॅलेंडरवर खाडे कसे मांडतात, ते तुम्हाला सांगायला नको. दूध आलं नाही की त्या तारखेवर फुली. आज ज्या ताऱ्यांविषयी बोलणार आहे, त्यांचा सगळा अभ्यास अशा खाड्यांवरच चालतो. खाडा प्रकाशाचा, एवढाच फरक.

दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. आपल्या बाजूनं पाहताना एक दुसऱ्याच्या आड आला की प्रकाश घटतो, बाजूला झाला की पूर्ववत होतो. मोठ्या दुर्बिणीतूनही बहुतेकदा एकच ठिपका दिसतो, पण तो ठिपका ठरल्या वेळी मंदावतो. हे ग्रहणकारी जोडतारे. प्रकाश बदलणाऱ्या सगळ्याच ताऱ्यांना मराठीत ‘रूपविकारी तारे’ म्हणतात. किती नेमका शब्द आहे! शाळांमधून तो मुलांच्या कानावर पडायला हवा.

ययाती तारकासमूहातला अलगूल दर 2 दिवस, 20 तास, 49 मिनिटांनी असा मंदावतो. इंग्लंडमधल्या यॉर्क गावच्या जॉन गुडरिकनं ही नियमितता 1783 साली जगापुढे मांडली. तो 18 वर्षांचा होता, त्याला ऐकू येत नव्हतं, आणि निरीक्षण नुसत्या डोळ्यांनी केलेलं. एक तारा दुसऱ्याच्या आड येत असावा, ही कल्पनाही त्यानं तेव्हाच सुचवली.

आता गोष्ट सांगतो. ही गोष्ट मला फार प्रिय आहे.

हंस तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे 1800 प्रकाशवर्षांवर एक जोडी आहे. तिला नावसुद्धा नाही, केपलर दुर्बिणीच्या यादीतला 9832227 हा नंबर आहे. दोन्ही तारे इतके खेटलेले की बाहेरचं वातावरण सामाईक. एक फेरी जवळजवळ 11 तासांत. हे अकरा तास लक्षात ठेवा.

2017 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांच्या परिषदेत लॅरी मोल्नार या प्राध्यापकांनी जाहीर केलं, की या जोडीची फेरी दिवसेंदिवस लहान होत चालली आहे. हे दोन तारे एकमेकांवर आदळून 2022 च्या सुमारास एक होतील, आणि हंसात नुसत्या डोळ्यांना दिसणारा नवा लाल तारा उजळेल. ही हवेतली गोष्ट नव्हती. 2008 साली वृश्चिकात असा एक तारा उजळला होता. चिलीमधून आकाशाची सतत पाहणी करणाऱ्या पोलिश चमूकडे त्या जागेची 2001 पासूनची मोजमापं होती. ती काढून पाहिली, तर तिथे खेटलेली जोडी होती, आणि तिची फेरी वर्षागणिक आखूड होत गेली होती. हंसातली जोडी त्याच वाटेनं निघालेली दिसत होती. मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 2022 लिहून ठेवलं आणि भाच्याला बजावलं, त्या वर्षी गच्चीवर यायचं.

वही म्हटलं म्हणून सांगतो. वेळ लिहिताना सकाळ-संध्याकाळचा घोळ नको, चोवीस तासांच्या घड्याळानंच लिहावी. रेल्वेच्या वेळापत्रकात 17:40 वाचतो, मग घरच्या वहीत ‘साडेपाचच्या सुमारास’ कशाला? असो.

तर 2018 साली क्वेंटिन सोशिया हा सॅन दिएगोचा विद्यार्थी आणि त्याचे सहकारी हे भाकीत तपासायला बसले. केपलर अवकाशात जाण्याआधी तालीम म्हणून नासानं व्हल्कन नावाचा प्रकल्प चालवला होता. त्याची 2003 मधली, कुठेच न छापलेली निरीक्षणं त्यांनी मिळवली. ग्रहणाची वेळ भाकिताशी जुळेना! मग ते आणखी मागे गेले, 1999 च्या पाहणीपर्यंत. भाकिताचा मोठा भार त्या जुन्या नोंदीवर होता. ती छापणाऱ्या शोधनिबंधात एका ग्रहणाची वेळ चुकली होती. किती? बरोबर बारा तास. छपाईतली चूक.

तुम्ही म्हणाल, बारा तासांची चूक कुणाच्या लक्षात कशी आली नाही? इथे ते अकरा तास आठवा. समजा, गावात दर अकरा तासांनी एसटी येते. सकाळी 6 ला आलेली गाडी वहीत चुकून 18 ला लिहिली गेली. पण 17 ला पुढची गाडी येऊन गेलीच आहे. वाचणाऱ्याला वाटतं, ही तीच गाडी, तासाभरानं चुकली. पुन्हा सांगतो: चूक बारा तासांची, फेरी अकरा तासांची, म्हणून दिसला फक्त एका तासाचा फरक. आणि एका तासाचा फरक म्हणजे फेरी बदलते आहे, असा अर्थ निघाला.

चूक दुरुस्त केली आणि टक्कर नाहीशी झाली. मोल्नार यांनी ती चूक खरी असल्याचं मान्य केलं. मला या माणसाविषयी त्यामुळे आदर वाटतो. त्यांनी तारीख देऊन भाकीत केलं होतं, म्हणून तर ते कुणाला तपासता आलं.

आज अशा नोंदी ढिगानं आहेत. युरोपच्या गाया यानाच्या 2022 मधल्या यादीत ग्रहणकारी जोड्यांचे 20 लाखांहून अधिक उमेदवार आहेत. कॅलिफोर्नियात पालोमारच्या डोंगरावरून रात्रीमागून रात्र आकाश टिपणारी झ्विकी पाहणी उभी करण्यात आपल्या कुरुंदवाडला जन्मलेल्या श्रीनिवास कुलकर्णींचा मोठा वाटा. तिच्यात 2019 साली एक जोडी सापडली. दोन श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्यांचे उरलेले लहान, घट्ट गाभे, आणि एक फेरी सात मिनिटांच्या आत! चहाला उकळी येईपर्यंत एक वर्ष संपलं म्हणायचं. यांतल्या बऱ्याच नोंदी कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. महाविद्यालयातल्या मुलांनी हे काम जरूर हाती घ्यावं. फक्त वेळ कोणत्या पद्धतीनं लिहिली आहे, ते आधी पाहावं. खगोलशास्त्रात तारखेऐवजी दिवसांचा सलग क्रमांक वापरतात, त्याला ज्युलियन दिवस म्हणतात; तो मध्यरात्री नाही, दुपारी बाराला सुरू होतो.

2022 च्या दिवाळीत भाचा आला होता. नवा तारा नव्हताच. आम्ही गच्चीवर हंस पाहिला, मग उशिरा ययाती वर आल्यावर अलगूल. त्या रात्री तो नेहमीसारखा तेजस्वी होता. भाच्यानं वहीत लिहिलं, 22:15.