रक्त थांबल्यानंतरचे सहा आठवडे

[दृश्य: एंडोस्कोपीचा पडदा. कॅमेरा अन्ननलिकेतून हळूहळू खाली सरकतो आहे.]

अन्ननलिकेचा वरचा भाग असा गुळगुळीत, फिकट गुलाबी दिसतो. निरोगी माणसात तो जठराच्या तोंडापर्यंत असाच असतो. इथे खाली आल्यावर मात्र चित्र बदलतं. भिंतीतून तीन-चार निळसर शिरा उभ्या फुगून वर आल्या आहेत, आणि खाली जाताना त्या आणखी जाड होत गेल्या आहेत. त्यातल्या एकीवर लालभडक रेघा आहेत. दुर्बीण हातात असलेला डॉक्टर आधी या रेघाच शोधतो. शिरेची भिंत तिथे इतकी पातळ झालेली असते की ती फुटलीच तर तिथूनच फुटण्याची भीती जास्त.

या पेशंटची शीर काही तासांपूर्वी फुटली आहे.

फुगलेल्या या शिरांना व्हेरायसेस म्हणतात. बिघाड अन्ननलिकेचा नाहीच. तो एक वीतभर खाली, उजव्या बाजूला, यकृतात आहे.

[दृश्य: पोटातल्या रक्तप्रवाहाचं रेखाचित्र.]

आतडी, जठर आणि प्लीहा यांतून निघालेलं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून ते आधी यकृतात येतं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण पाऊण हिस्सा या एका शिरेतून येतो, मिनिटाला जवळजवळ लिटरभर. निरोगी यकृत मऊ असतं, त्यामुळे एवढं रक्त आतून जाऊनही दाब चढत नाही. यकृतात शिरणाऱ्या आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताच्या दाबातला फरक 5 मिलिमीटर पाऱ्याच्या आत राहतो.

वर्षानुवर्षं भरपूर दारू पिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या यकृतात चरबी साठते. त्यातल्या काहींना सूज येते, आणि साधारण 10 ते 20 टक्के लोकांचं यकृत पुढे सिरोसिसपर्यंत जातं. बाकीच्यांचं जात नाही. म्हणूनच ‘अमका तर आयुष्यभर पितोय, त्याला काही झालं नाही’ हे वाक्य खोटं नसतं, फक्त निरुपयोगी असतं, कारण आपण कोणत्या गटात आहोत हे आधी कळत नाही.

सिरोसिस म्हणजे यकृतात घट्ट तंतूंचं जाळं पसरणं आणि त्यात उरलेल्या पेशींच्या गाठी होणं. मऊ असलेला अवयव टणक होतो आणि रक्ताला आत शिरायला वाट उरत नाही. मुख्य रस्ता बंद झाल्यावर गाड्या जशा गल्लीबोळांत घुसतात, तसं हे रक्त अन्ननलिकेच्या आणि जठराच्या बारीक शिरांमध्ये घुसतं. दाबातला फरक 10 झाला की व्हेरायसेस तयार होऊ लागतात. 12 च्या पुढे त्या फुटू शकतात. 20 च्या वर असेल तर फुटलेली शीर बंद करणंही अवघड जातं.

शीर फुटते तेव्हा दुखत नाही. माणसाला मळमळतं आणि उलटीत रक्त येतं, कधी ताजं लाल, कधी कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट. काहींना उलटी होतच नाही. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच होते, चक्कर येते, घाम फुटतो. दुखत नाही म्हणून सकाळपर्यंत थांबून बघणारे लोक असतात. ही वेळ थांबण्याची नसते.

अर्थात, दारू पिणाऱ्या प्रत्येकाची रक्ताची उलटी व्हेरायसेसचीच असते असं नाही. जठरातला अल्सर असू शकतो. वारंवार जोराच्या उलट्या होऊन अन्ननलिका आणि जठर जिथे मिळतात तिथलं अस्तर फाटलेलं असू शकतं. केनेथ मॅलरी आणि सोमा वाइस या दोघांनी 1929 मध्ये बोस्टनमध्ये असेच रुग्ण नोंदवले होते, आणि ते दारू पिणारेच होते. नेमकं कुठून रक्त येतंय हे दुर्बीण घातल्याशिवाय ठरत नाही.

[दृश्य: आपत्कालीन विभाग. सलाइनचा स्टँड, रक्ताची पिशवी, मॉनिटर.]

एवढं रक्त गेलंय म्हटल्यावर भराभर रक्त चढवावं असं कोणालाही वाटेल. नातेवाईकांना तर वाटतंच, आणि डॉक्टरही बरीच वर्षं तेच करत होते. बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी 921 रुग्णांवर याची चाचणी घेतली. ती 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं आणि दुसऱ्या गटाला 9 च्या खाली गेल्याबरोबर. सहा आठवड्यांनंतर हात आखडता घेतलेल्या गटात 95 टक्के लोक जिवंत होते, सढळ हाताने रक्त दिलेल्या गटात 91 टक्के. शिरांमध्ये जास्त रक्त भरलं की पोर्टल व्हेनमधला दाब पुन्हा चढतो आणि नुकतीच थांबलेली शीर पुन्हा वाहू लागते. पण त्याच चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली होती. ज्यांचं यकृत सगळ्यात जास्त बिघडलेलं होतं, त्यांच्या जगण्यात या काटकसरीने काही फरक पडला नाही.

दुर्बिणीची वाट न पाहता दोन औषधं सुरू करतात. टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड हे पोटातल्या रक्तवाहिन्या आकसवून दाब उतरवतं. दुसरं चक्क अँटिबायोटिक. रक्तस्रावाला अँटिबायोटिक कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण सिरोसिसच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती आधीच ढासळलेली असते. रक्तस्रावाच्या काळात आतड्यातले जंतू रक्तात शिरतात, आणि जंतुसंसर्ग झाला की पुन्हा रक्तस्राव होण्याची आणि मृत्यूची शक्यता वाढते. अँटिबायोटिकमुळे या रुग्णांमधले मृत्यू कमी होतात हे अनेक चाचण्यांमध्ये दिसलं आहे. अपघातात रक्तस्राव थांबवायला उपयोगी पडणारं ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड मात्र इथे कामाला आलं नाही. बारा हजार रुग्णांच्या चाचणीचा तो निकाल 2020 मध्ये आला.

पेशंट जरा स्थिरावला की बारा तासांच्या आत एंडोस्कोपी करतात.

[दृश्य: पुन्हा पडदा. दुर्बिणीच्या टोकावरची पारदर्शक टोपी शिरेला टेकते.]

नीट बघा. टोपी शिरेवर टेकली. आता डॉक्टर आतली हवा खेचतो आहे, आणि शिरेचा फुगवटा टोपीत ओढला जातो. पडदा क्षणभर नुसता लाल होतो. मग एक छोटा रबरी बँड सुटतो आणि फुगवट्याच्या बुडाला घट्ट बसतो. टोपी बाजूला झाल्यावर दिसतो तो काळपट जांभळा मणी. काही दिवसांत तो वाळून गळून पडेल आणि तिथे उथळ जखम राहील. ती भरेपर्यंतही थोडी धाकधूक असतेच.

रक्त थांबलं. बाहेर नातेवाईकांना तसं सांगितलं जातं, आणि ते खरंही असतं. फ्रान्समधल्या एका रुग्णालयाने आपल्या नोंदी तपासल्या. 1980 मध्ये व्हेरायसेसच्या रक्तस्रावाने दाखल झालेल्यांपैकी 42 टक्क्यांहून जास्त लोक रुग्णालयातच दगावले होते. 2000 साली हेच प्रमाण साडेचौदा टक्क्यांवर आलं होतं. वीस वर्षांत एवढी मजल मारलेले आजार थोडेच असतील.

मग उरलेले लोक का जातात?

रक्त वाहून जाऊन मरणारे आता कमी आहेत. जातात ते यकृत बंद पडून, जंतुसंसर्गाने, किडनी निकामी होऊन, आणि बहुतेकदा दुर्बीणवाल्याचं काम चोख झाल्यानंतर. म्हणूनच या आजाराचा हिशेब डॉक्टर बँड लावण्याच्या क्षणाशी थांबवत नाहीत, सहा आठवड्यांनी करतात.

एकट्या रक्तस्रावाने जे सुरू होतं ते असं. यकृताला मिळणारं रक्त अचानक घटतं. आधीच मोजक्या पेशींवर चाललेलं यकृत आणखी मागे पडतं आणि डोळ्यांतला पिवळेपणा गडद होतो. आतड्यात उतरलेलं रक्त म्हणजे प्रथिनांचा साठाच. त्याचा अमोनिया होतो. निकामी यकृताला तो काढता येत नाही, आणि मेंदूवर गुंगी चढते. रक्तदाब पडल्याने किडनीला फटका बसतो. लघवी कमी होते, पोटातलं पाणी वाढतं, आणि त्या पाण्यालाही जंतुसंसर्ग होऊ शकतो.

हे सगळं कोण सोसेल आणि कोण नाही, याचा अंदाज पाच गोष्टींवरून बांधतात. बिलिरुबिन (कावीळ आणणारं पिवळं द्रव्य), अल्ब्युमिन (यकृत तयार करतं ते प्रथिन), रक्त गोठायला लागणारा वेळ, पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम. याला चाइल्ड-प्यू गुण म्हणतात. 5 किंवा 6 गुण म्हणजे यकृतात अजून दम आहे, 10 किंवा त्याहून जास्त म्हणजे फारच थोडा. ही पद्धत आज सिरोसिसच्या प्रत्येक रुग्णासाठी वापरतात, पण 1973 मध्ये प्यू आणि सहकाऱ्यांनी ती मांडली तो शोधनिबंध फुटलेल्या व्हेरायसेसच्या शस्त्रक्रियेवर होता. शस्त्रक्रियेनंतर कोण तगतो हे यकृतावर ठरतं, हे सर्जनना तेव्हाच दिसलं होतं.

सगळ्यात बोलका आकडा मला हा वाटतो. सिरोसिसमधली एकमेव गुंतागुंत म्हणून रक्तस्राव झाला असेल, तर पाच वर्षांत साधारण 20 टक्के रुग्ण दगावतात. रक्तस्रावाच्या जोडीला पोटात पाणी किंवा मेंदूवर गुंगी असेल, तर 80 टक्क्यांहून जास्त. फुटलेली शीर दोघांची सारखीच असू शकते.

[दृश्य: रात्रीचा वॉर्ड. पलंगाच्या कठड्यावर एक हात.]

दारूमुळे सिरोसिस झालेल्या रुग्णाची गोष्ट इथे आणखी गुंतते. दाखल होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत तो पीत असेल, तर जुन्या सिरोसिसवर यकृताची ताजी सूजही असते, म्हणजे अल्कोहोलिक हेपॅटायटिस. अंगावर मांस राहिलेलं नसतं, कारण जेवणाची जागा दारूने घेतलेली असते. आणि दाखल झाल्यावर दारू अचानक बंद होते.

दुसऱ्या-तिसऱ्या रात्री पेशंट बरळू लागतो. हात थरथरतात. हे काय असेल? दारू तुटल्याचा परिणाम की अमोनियाची गुंगी? उपचार एकमेकांच्या उलट आहेत. दारू तुटल्याने होणाऱ्या अस्वस्थतेला, फेफऱ्याला झोपेचं औषध द्यावं लागतं. तेच औषध अमोनियाच्या गुंगीत दिलं तर माणूस आणखी खोल जाऊ शकतो. म्हणून पेशंटला हात पुढे करून पंजे वर उचलायला सांगतात. दारू तुटलेली असेल तर बोटं बारीक, भरभर कापतात, नाडी धावते, अंग घामेजतं. गुंगी असेल तर पंजा मधूनच खाली पडतो, परत वर येतो, परत पडतो. दोन्ही एकत्र असतील तर नर्स आणि निवासी डॉक्टरची ती रात्र कसोटीची जाते. थायमिनचं, म्हणजे बी1 जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन मात्र विचार न करता देतात. त्याच्या अभावाने मेंदूला होणारी इजा कायमची राहू शकते.

म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याने ‘आजपासून बंद’ म्हणत घरच्या घरी एका दिवसात सोडणं धोक्याचं असतं. सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली.

ज्यांचं यकृत फारच थकलेलं आहे पण अगदी संपलेलं नाही, अशा निवडक लोकांसाठी एक मार्ग आहे. मानेतल्या शिरेतून तार यकृतापर्यंत नेऊन आत जाळीची नळी बसवायची आणि अडलेल्या रक्ताला थेट वाट करून द्यायची. याला टिप्स म्हणतात. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका चाचणीत पहिल्या 72 तासांत ही नळी बसवलेल्यांपैकी 86 टक्के लोक वर्षभराने जिवंत होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात 61 टक्के. रुग्ण मोजके होते, 63. आणि मेंदूवरची गुंगी वाढू शकते, ही त्याची किंमत.

[दृश्य: डिस्चार्जचे कागद.]

घरी जाताना कागदावर काय असतं? प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्वेडिलॉल, कारण ते पोर्टल व्हेनचा दाब उतरवतं. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बँडिंग, आणि शिरा नाहीशा होईपर्यंत पुन्हा पुन्हा. काहीच केलं नाही, तर एक-दोन वर्षांत साधारण 60 टक्के लोकांना परत रक्तस्राव होतो. डोकं दुखलं म्हणून आयबुप्रोफेन घ्यायचं नाही, हेही असतं.

दारूबद्दल बहुतेकदा एकच ओळ असते: ‘दारू बंद करा.’ बँडिंगला तारीख, वेळ, खोली क्रमांक. आणि आजाराच्या मुळाला तीन शब्द. मला हे पटत नाही. 1968 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पॉवेल आणि क्लॅटस्किन यांनी दारूमुळे सिरोसिस झालेल्या 283 रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा ना बँडिंग होतं, ना प्रोप्रॅनोलॉलचा हा उपयोग माहीत होता. तरी दारू सोडलेल्यांपैकी 63 टक्के लोक पाच वर्षांनी जिवंत होते, चालू ठेवलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के. एवढा फरक पाडणारी गोष्ट औषधाच्या रूपात आली असती, तर तिचा डोस, वेळ आणि फेरतपासणी सगळं लिहून मिळालं असतं.

तसं लिहिता येतंही. व्यसनमुक्तीच्या डॉक्टरची भेट वॉर्डातच ठरवता येते. दारू सोडवायला देतात ते डायसल्फिराम यकृताला अपाय करू शकतं, म्हणून सिरोसिसमध्ये टाळतात. त्याच कामाच्या बॅक्लोफेन या औषधाची मात्र सिरोसिसच्याच रुग्णांवर चाचणी झाली आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत दोन्ही गटांत 42-42 लोक होते. औषध घेणाऱ्यांपैकी 30 जणांनी दारू सोडली आणि टिकवली, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांपैकी 12 जणांनी. गुंगी येणाऱ्या पेशंटला ते जपून द्यावं लागतं.

दारू थांबली की यकृताची सूज उतरते आणि पोर्टल व्हेनचा दाबही हळूहळू उतरू शकतो. पोर्टल व्हेनच्या दाबावर काम करणारे जगभरातले तज्ज्ञ 1990 पासून इटलीतल्या बावेनो गावाच्या नावाने भरणाऱ्या बैठकीत एकत्र येतात. त्यांनी 2021 मध्ये एका अवस्थेची व्याख्या केली. दारू सुटलेली, पोटातलं पाणी आणि मेंदूवरची गुंगी औषधांशिवाय गेलेली, किमान 12 महिने रक्तस्राव नाही, आणि बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ बऱ्यापैकी सुधारलेला. अशा माणसाचं यकृत पुन्हा सावरलं, असं आता वैद्यकीय कागदावर लिहिता येतं. तंतूंचं जाळं बहुतेकदा आत राहिलेलंच असतं, त्यामुळे कॅन्सरसाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सुरूच ठेवतात.