बदली

(फुटबॉलवरच्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, १२ डिसेंबर २०१५ ची संध्याकाळ तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. बालेवाडीला इंडियन सुपर लीगची उपांत्य फेरी होती, पण खेळत होते चेन्नईयिन आणि कोलकाता. पुण्याचा संघ कुठेच नाही! चेन्नई पुरात बुडाली होती, मैदान मिळेना, म्हणून बिचाऱ्यांनी घरचा सामना आपल्या घरी आणला. चेन्नईयिन ३-० ने जिंकलं. त्यांचा प्रशिक्षक उंच, टाळूवर केस नाहीत, अंगभर गोंदलेला. मार्को मातेरात्सी. होय, २००६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या झिदाननं ज्याच्या छातीत डोकं हाणलं, तोच.

आता हा माणूस म्हटला की तेवढं एक डोकं आठवतं, आणि मला वाटतं तिथेच त्याच्यावर अन्याय होतो. मुंबईच्या गिरण्यांत 'बदली' असायचे. कायम कामगार खाड्याला गेला तरच यांना पाळी मिळायची. मातेरात्सीची कारकीर्द अशा बदलीची आहे. गिरणीतल्या बदलीला कार्ड असायचं. कार्ड याच्याही नशिबी होतं, पण ते अनेकदा लाल.

जन्म १९७३ चा, इटलीतल्या लेच्चेचा. वडील जुझेप्पे प्रशिक्षक, लाझिओसारखा संघ सांभाळलेले. म्हणून पोराला कुणी पायघड्या घातल्या असं मात्र नाही. मार्साला, त्रापानी, कार्पी अशा खालच्या विभागांतल्या संघांकडून तो घासत वर आला. मध्ये एक हंगाम इंग्लंडात एव्हर्टनकडे, आणि परत पेरुजाला. तिथे २०००-०१ मध्ये या बचावपटूनं लीगमध्ये १२ गोल केले. इटलीत एका हंगामातला बचावपटूचा विक्रम तोवर अर्जेंटिनाच्या पासारेलाच्या नावावर होता, ११ गोलांचा. मातेरात्सीच्या गोलांत बऱ्याच पेनल्ट्या होत्या, हे प्रामाणिकपणे सांगून टाकतो. पण पेनल्टी मारायला एका बचावपटूला पुढे करतात, यातच त्याच्या काळजाविषयी काय ते कळतं.

मग इंटर मिलान. इथला एक प्रसंग मला फार आवडतो. ५ मे २००२, हंगामाचा शेवटचा दिवस. इंटर अव्वल स्थानी. रोममध्ये लाझिओला हरवलं की विजेतेपद त्यांचं. लाझिओच्या स्वतःच्या पाठीराख्यांनाही इंटरच जिंकावं असं वाटत होतं, आणि इंटर ४-२ ने हरलं! थेट तिसऱ्या क्रमांकावर घसरलं. मैदानावर मातेरात्सी रडतोय आणि लाझिओच्या खेळाडूंना म्हणतोय, अरे, तुम्हाला मी चषक जिंकून दिला होता! खरंच होतं ते. दोन वर्षांपूर्वी पेरुजात धो धो पावसात सामना तासाहून जास्त थांबला होता, नंतर पेरुजानं युव्हेंटसला १-० ने हरवलं आणि त्यामुळे विजेतेपद लाझिओच्या पदरात पडलं. मातेरात्सी त्या पेरुजात होता. उपकाराची आठवण करून देणारा खेळाडू मी दुसरा पाहिलेला नाही.

बाकी तो साधुसंत नव्हता. २००४ मध्ये सिएना संघाच्या चिरिलोला सामन्यानंतर खेळाडूंच्या येण्याजाण्याच्या बोगद्यात ठोसा मारला आणि दोन महिने घरी बसला.

आता २००६. विश्वचषकात इटलीच्या बचावाची कायम जागा नेस्ताची. चेक प्रजासत्ताकाविरुद्ध हॅम्बुर्गला सतराव्या मिनिटाला नेस्ता जखमी झाला. बदली मैदानात आला आणि नऊ मिनिटांनी तोत्तीच्या कॉर्नरवर हेडरनं गोल! पुढच्याच सामन्यात, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, लाल कार्ड. बंदी भोगून उपांत्य फेरीला परत. बर्लिनच्या अंतिम सामन्यात सातव्या मिनिटाला पंचांनी फ्रान्सला पेनल्टी दिली ती याच्याच चुकीसाठी. झिदाननं ती अलगद टोलवली. एकोणिसाव्या मिनिटाला पिर्लोचा कॉर्नर, आणि याच्याच डोक्यानं बरोबरी. म्हणजे त्या दिवशी निर्णायक ठरलेलं पहिलं डोकं मातेरात्सीचं होतं, झिदानचं नव्हे! ११० व्या मिनिटाचं सगळ्यांना पाठ आहे. मातेरात्सीनं जर्सी ओढली, झिदान म्हणाला हवी तर नंतर देतो, यानं त्याच्या बहिणीवरून घाण बोललं. ते बोलणं वाईटच होतं. फिफानं झिदानला तीन सामन्यांची शिक्षा केली आणि याला दोन. पण नंतर शूटआउटमध्ये पेनल्टी मारायला हा उठला आणि ती जाळ्यात गेली, हे कुणी सांगत नाही. त्या स्पर्धेत इटलीतर्फे सर्वाधिक गोल किती? दोन. एक आघाडीवीर लुका तोनी, आणि दुसरा हा बदली.

२०१० ला इंटरनं युरोपचा चषक जिंकला. अंतिम सामन्यात इंटरचा प्रशिक्षक मोरिन्योनं मातेरात्सीला अगदी शेवटच्या क्षणी मैदानात धाडलं. त्या रात्री माद्रिदच्या स्टेडियमखाली मोरिन्यो निघाला होता. पुढचं काम रेआल माद्रिद संघात ठरल्यातच जमा होतं. भिंतीला टेकून मातेरात्सी उभा. मोरिन्यो गाडीतून उतरला आणि दोघे गळ्यात पडून रडले. ज्याला फारसं खेळवलंच नाही, त्याच्यासाठी गाडी थांबवली. मला वाटतं, प्रशिक्षक होण्याचं शिक्षण त्याला बाकावर बसूनच मिळालं असावं.

२०१४ ला तो चेन्नईला आला, खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही. आणि गंमत बघा, निवृत्त झालेल्या नेस्तालाही त्यानं बोलावून घेतलं. ज्याच्या जागेवर हा बदली म्हणून उभा राहिला, तो कायम आता याच्या हाताखाली! त्या वर्षी साखळीत पहिले, पण उपांत्य फेरीत केरळकडून हार.

२०१५ मध्ये साखळी निम्म्याच्या पुढे गेली तरी चेन्नईयिन तळाला. मग शेवटचे चार सामने ओळीनं जिंकले. कोलंबियाचा मेंडोसा १३ गोल करून गेला, मिझोरमच्या जेजेनं सहा केले. २० डिसेंबरला मडगावच्या फातोर्ड्यावर अंतिम सामना, समोर झिकोचा एफसी गोवा आणि अख्खं स्टेडियम गोव्याचं. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेची फ्री किक जाळ्यात, गोवा २-१. फातोर्ड्यात फटाके फोडायचे तेवढे बाकी होते. नव्वदाव्या मिनिटाला गोव्याचाच गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमणी, गर्दीत उडी मारलेला, आणि चेंडू त्याच्या हातून स्वतःच्याच जाळ्यात. दोन मिनिटांनी मेंडोसा. ३-२.

मी तेव्हा कट्टीमणीकडे बघत होतो. माझ्या शेजारचा मडगावकर माणूस झेंडा गुंडाळत एवढंच म्हणाला, "आमच्या पोरानं केलां रे."

पुढल्या वर्षी आठ संघांत चेन्नईयिन सातवा. २०१७ च्या मार्चमध्ये मातेरात्सीनं गाशा गुंडाळला.