आधी मांडा, मग चिकटवा

नमस्कार श्रोतेहो. आधी हा आवाज ऐका. (वर्तमानपत्राचं पान उभं फाडल्याचा आवाज) आता तेच पान आडवं फाडतो. (आवाज) पहिल्यांदा कसं सरसर फाटत गेलं, दुसऱ्यांदा अडखळलं, वाकडं गेलं. यंत्रावर कागद बनताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेला झोपतात. त्या दिशेने फाडलं तर कागद ऐकतो. विरुद्ध गेलं की मनमानी करतो.

कागदी कोलाज, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र, करायला बसलात की ही मनमानीही कामाची असते. डोंगराची कड कात्रीने कापली तर ती बेगडी वाटते, फाडली तर खरी. छापील जाड कागद हाताने फाडला की दोन तुकड्यांपैकी एकाला पांढरी किनार सुटते. लाटेवरचा फेस आयता मिळाला! कात्रीच हवी असेल, तर वळणावर ती स्थिर धरा आणि कागद फिरवा.

‘कोलाज’ हा शब्द चिकटवण्यासाठीच्या फ्रेंच शब्दावरून आला. पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी १९१२ साली चित्रात छापील कापड, भिंतीचा कागद असं काहीबाही चिकटवलं आणि ही रीत गाजली. पण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्यांना मी मेरी डिलेनीचं नाव सांगतो. या इंग्रज बाईने सत्तरी उलटल्यावर, १७७२च्या सुमारास, रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवून फुलं करायला घेतली. दहा वर्षांत जवळजवळ हजार! ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

नावातच चिकटवणं असलं तरी माझा आग्रह असा, की डिंकाची बाटली दूर ठेवा. हात पोचणार नाही इतकी दूर. १९४१च्या शस्त्रक्रियेनंतर आजारी असलेला फ्रेंच चित्रकार मातीस मदतनिसांनी रंगवलेले कागद कापायचा आणि ते टाचणीने भिंतीवर टोचून घ्यायचा. मग हा तुकडा वर, तो खाली, असं मनासारखं जमेपर्यंत चालायचं. चित्र घडतं ते या सरकवासरकवीत. माझी एक मांडणी पंख्याने उधळली. गोळा करताना एका तुकड्याची मागची फिकट बाजू वर आलेली दिसली. दोन दिवस मी तोच रंग शोधत होतो.

वर्तमानपत्र उजेडात पिवळं पडतं, म्हणून चित्र टिकवायचं असेल तर चांगला कागद घ्या.

मांडणी पटली की मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नाहीतर उचलल्यावर काय कुठे होतं ते आठवत नाही. डिंक पातळ लावा. ओला कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो, सुरकुत्या पडतात त्या त्यामुळेच. तुकडा मधून कडेकडे दाबत न्या, वर मेणकागद ठेवा, त्यावर जाड पुस्तकं. आणि सकाळपर्यंत उचलून बघू नका. मी बघतो, म्हणून सांगतोय.

नमस्कार.