चार माग, बारा टेबलं

(सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या मासिक व्याख्यानाचं, थोडी काटछाट करून केलेलं शब्दांकन)

नमस्कार. अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना ‘पोकरचे अभ्यासक’ म्हटलं, तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या दोन आजींनी एकमेकींकडे जे बघितलं ते मला इथून दिसलं. आजी, मी हिशेबनीस आहे. दिवसा लोकांचे जमाखर्च लिहितो. सहा वर्षं रात्री ऑनलाइन पोकर खेळत होतो, तेही एकावेळी एक टेबल नाही, चार, आठ, शेवटी बारा. ते कसं जमतं आणि कुठे फसतं, एवढंच आज सांगायचंय.

आधी कायद्याचं उरकतो. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, तेव्हा मी एका कागदावर हिशेब मांडला आणि दुकान बंद केलं. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचाच कायदा केला आणि देशातल्या अॅपनी टेबलं उचलली. तेव्हा श्रोत्यांत खात्यातले कुणी साहेब असतील तर निवांत बसा, चहा आहे. ‘कसं जिंकायचं’ ते ऐकायला कुणी आलं असेल, तर ते चहा न घेता गेले तरी चालेल.

खेळाचे नियम सांगत बसत नाही. तीन पत्ती कुणाला येत नाही? हात वर करा. बघा, एकही हात नाही. दिवाळीच्या रात्री तुम्ही काय करता ते कळलं. पोकरमध्ये हातात दोन पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच, त्यातून तुमचे उत्तम पाच. बाकी तेच, सोडा, बरोबरी करा नाहीतर वाढवा. ऑनलाइन म्हटलं की प्रत्येक टेबल ही स्क्रीनवरची एक खिडकी. तुमची पाळी आली की ती खिडकी टुंग करते आणि सेकंद मोजायला लागते. वेळेत बटण दाबलं नाही तर तुमचा डाव गेला.

लोक विचारतात, बारा ठिकाणी लक्ष कसं राहतं बे? मी म्हणतो, सोलापूरच्या माणसाने हे विचारू नये. आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, वाण्याकडे कन्नड, रिक्षावाल्याशी हिंदी. चार टेबलं तर आपण दूध आणायला जाताना खेळतो.

पण मुद्दा मागांचा आहे. इथे निम्मं सभागृह पूर्व भागातलं, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतलं आहे, त्यामुळे माग कसा असतो ते मी सांगायला नको. तरी माझे वडील, आम्ही त्यांना नान्ना म्हणतो, ते कसे माग चालवायचे ते सांगू द्या. नान्ना चादरीच्या कारखान्यात होते. आधी दोन माग, मग चार. सुटीच्या दिवशी मी डबा घेऊन जायचो. आत शिरलं की दाराशीच तो खडखडाट छातीत बसायचा. बोलणं अशक्य, सगळं हातवाऱ्यांवर. नान्ना मागांकडे पाठ करून जेवायला बसायचे. कडक भाकरी, शेंगाचटणी, एक कांदा. आणि मधेच घास तोंडात ठेवून उठायचे, थेट तिसऱ्या मागापाशी. आडव्या धाग्याची कांडी संपून तो नुकताच थांबलेला असायचा. मला वाटायचं, ह्यांना पाठीला डोळे आहेत. एकदा विचारलं. ते तेलुगूत म्हणाले, मी मराठीत सांगतो: “चार आवाज असतात. एक कमी झाला की कळतं.”

बघा हं, ते चारही मागांकडे लक्ष देत नव्हते. एकाकडेही देत नव्हते. भाकरीकडे देत होते. जो थांबेल तोच त्यांना बोलावून घ्यायचा. कांडी संपली, बाणा, म्हणजे आडवा धागा तुटला, की आपला साधा माग स्वतःच उभा राहतो आणि वाट बघतो. म्हणूनच एक माणूस चार माग चालवू शकतो. मालकांनाही हे फार पूर्वी कळलं होतं. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत जो मोठा संप झाला, त्यातलं एक भांडण हेच होतं, की विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळायचे. तीन सांभाळता येतात का, हा प्रश्नच नव्हता. येतात. तिसऱ्याचे पैसे कुणाचे आणि घरी बसणारा कोण, हा प्रश्न होता. असो, त्यात शिरलो तर रात्र होईल.

पण विणकराच्या जिवाला घोर लावतो तो दुसरा दोष. ताण्यातला, म्हणजे उभा धागा तुटला तर साधा माग थांबत नाही. आवाज तोच. खटखट, खटखट. तो मजेत विणत राहतो आणि कापडात एक बारीक उभी रेघ उतरत जाते. ती दिसायला मागासमोर उभं राहून कापडावरून नजर फिरवावी लागते. दोन माग होते तेव्हा नान्नांना ती चार बोटांत दिसायची. चार झाले तेव्हा हातभर कापड गेल्यावर दिसायची. महिन्याला मजुरी वाढली, आणि डॅमेजची कपातही वाढली. आई ती कपात पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची. हिशेबनिसाचं रक्त कुठून आलं ते लक्षात आलं असेल.

आता माझी कैफियत ऐका. बारा टेबलं चालू आहेत, रात्रीचा दीड, उकाडा तुम्हाला माहीत आहे. चौथ्या टेबलावर हातात दोन एक्के आले. दोन एक्के २२१ डावांत सरासरी एकदा येतात. एकाच टेबलावर बसलात तर तीनेक तास थांबा. मी ‘वाढवा’वर बोट नेलं, आणि त्याच क्षणी नववी खिडकी टुंग करून वर आली. तिथे हातात कचरा होता, म्हणून मी शहाण्यासारखं ‘सोडा’ दाबलं. तेवढ्यात चौथी परत वर. सोडले ते एक्के. कंपनीला पत्र लिहिलं, उत्तर आलं की आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. माझा अनुभव मोलाचा असणारच, पैसे माझे गेले होते! पण खरं सांगू? पाच मिनिटांत मी ते विसरलो. बारा टेबलांवर दोन एक्के दर पाव तासाला येतात. एक्क्यांची किंमतच उरली नव्हती. याचं मला नंतर जास्त वाईट वाटलं.

त्याच सुमारास एका रात्री नान्ना पाणी प्यायला उठले आणि माझ्या मागे उभे राहिले. बारा खिडक्या लुकलुकतायत. त्यांनी खूप वेळ बघितलं आणि विचारलं, “कापड कोण बघतंय?”

...चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे.’ माग जरा लांबलेच. ज्यासाठी तुम्ही आलात ते गणित आता धावत सांगतो.

समजा ५-१० रुपयांचं टेबल आहे आणि तुम्ही बरे खेळाडू आहात, शंभर डावांमागे ८० रुपये सुटतात. ऑनलाइन एका टेबलावर तासाला सत्तरेक डाव होतात, म्हणजे ५६ रुपये. चार टेबलं घेतली की खेळ जरा भोंगळ होतो, शंभरामागे ५० धरा. डाव २८०, कमाई १४०. फायदा झाला. बारा टेबलांवर शंभरामागे १५ उरतात, डाव ८४०, कमाई १२६. डाव तिप्पट, पैसे कमी. आकडे माझे, समजण्यापुरते, पण टेकडी अशीच असते, चढ आणि मग उतार. अॅपवाल्या कंपनीचा वाटा मात्र डावागणिक आहे, त्याला उतार नाही. मग ‘जास्त टेबलं लावा’ म्हणून बक्षिसाचे पॉइंट कोण देतं, ते ओळखा.

उतार का येतो? टुंग वाजणारं सगळं बारा टेबलांवर जमतं. सुरुवातीचे दोन पत्ते १६९ प्रकारचे, ते तक्त्यासारखे पाठ होतात. बटणांना शॉर्टकट लावता येतात. समोरचा शंभरात किती डाव खेळतो, किती वेळा वाढवतो, ते सॉफ्टवेअर त्याच्या नावाखाली आकड्यांत दाखवतं. ही झाली कांडी. पण एरवी भित्रा असलेला तो मनुष्य अर्ध्या तासापूर्वी मोठा डाव हरला आणि आता चिडून काहीही लावतोय, याला टुंग नाही. सरासरीचे आकडे जुनेच दाखवतात. उभा धागा तुटलाय आणि माग चालू आहे. पोकरमधले खरे पैसे त्या रेघेत असतात.

हा जुनाच पेच आहे. आमच्याकडे तेलुगूत अष्टावधान असतं, आठ जण आठ बाजूंनी विचारतात, अवधानी सगळ्यांना उत्तरं देतो. त्यात एक जण फक्त मधेमधे घंटा वाजवतो, शेवटी ठोके किती झाले ते अवधान्याने सांगायचं. आणि एक जण मुद्दाम भलतंच काहीतरी बोलून छळतो. आमच्या खेळात त्याला चॅट बॉक्स म्हणतात.

शेवटचं एक, मग थांबतो. २०१२ मध्ये बहामात रँडी ल्यू नावाच्या खेळाडूने आठ तासांत २३,४९३ डाव खेळून गिनेसचा विक्रम केला. मिनिटाला जवळजवळ ४९ डाव. आणि तो नफ्यात उठला, हे मला अजून थक्क करतं. नफा किती, तर ७.६५ डॉलर. तेव्हाच्या भावाने चारशे रुपयांच्या आसपास. कुणी हसू नका. बारा टेबलांवर मी कित्येक रात्री याहून कमी कमावले आहेत, आणि माझी नोंद फक्त आयकर विवरणपत्रात आहे.

दुसरी चिठ्ठी. ‘वेळ संपली.’ प्रश्न चहाच्या वेळी घेऊ. पोकरचे मला विचारा. मागाचे विचारायचे असतील तर नान्ना तिथे तिसऱ्या रांगेत कडेला बसलेत, पण जरा जवळ जाऊन विचारा. चाळीस वर्षांच्या खडखडाटाने कान गेलेत त्यांचे. मघापासून मान हलवतायत खरे, पण यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. मला घरी जाऊन हे सगळं परत सांगायचंय, तेलुगूत आणि मोठ्याने.