राणीगंजचा कोळसा आणि कोलकात्याचं बंदर

श्रोतेहो, नमस्कार. सोलापुरात १८६० मध्ये आगगाडी आली, १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली. गिरण्यांची धुरांडी, भोंगे यांच्या आठवणी आपल्याकडे घरोघरी निघतात. बॉयलरला लागणाऱ्या दगडी कोळशाची चौकशी मात्र फारशी कुणी करत नाही. आज ती करू, आणि त्यासाठी बंगालात जाऊ.

दामोदर नदीकाठचं राणीगंज. १८३६ मध्ये द्वारकानाथ टागोरांनी, म्हणजे रवींद्रनाथांच्या आजोबांनी, तिथली खाण ७०,००० रुपयांना लिलावात घेतली. गिऱ्हाईक होतं कोलकात्यात, गंगेवरच्या आगबोटी. पण दामोदरला होड्या चालण्याइतकं पाणी फक्त पावसाळ्यात. एरवी काठावर नुसते ढीग लावायचे. महिनोन्‌महिने उन्हात पडून कोळशाचा भुगा व्हायचा, आणि नदी भरली की होड्या मिळवायला सगळ्यांचीच धावपळ. ३ फेब्रुवारी १८५५ रोजी हावड्याहून राणीगंजपर्यंत रेल्वे धावू लागली आणि पावसाची वाट बघणं संपलं.

खाण राणीगंजला, पण व्यवहार ठरायचे कोलकात्याच्या क्लाइव्ह स्ट्रीटवर, मॅनेजिंग एजन्सींच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या कंपन्यांचा कारभार कराराने चालवणाऱ्या पेढ्यांच्या, कचेऱ्यांत. हा कोळसा जहाजाने मुंबईलाही यायचा. तिथे १९२०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांताचा कोळसा त्याला भारी पडला. सातासमुद्रापलीकडचा माल स्वस्त कसा? तिथलं सरकार निर्यातीच्या कोळशाला रेल्वेभाड्यात सूट देत होतं. आपल्याकडे रेल्वेचे दर बंदरांकडे जाणाऱ्या-येणाऱ्या मालालाच सोयीचे आहेत, ही तक्रार १९१८च्या औद्योगिक आयोगाच्या अहवालात नोंदलेली आहे. सोलापूरसारख्या आतल्या गावाने कारखाना काढावा, असा विचार त्या दरांमागे नव्हता, असं माझं स्पष्ट मत आहे.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते मजुरांचं. खाणकंपन्यांनी जमीनदाऱ्याच विकत घेतल्या. तिथल्या बाउरी जातीच्या आणि संथाळ आदिवासी कुटुंबांना जमीन कसायला द्यायची, पण खाणीत काम करण्याच्या अटीवर. खाण सोडली की शेतही गेलं. पुरुष कोळसा फोडायचा, बाई टोपलीत भरून वाहायची. १९२९ पासून बायकांना जमिनीखाली काम करायला टप्प्याटप्प्याने बंदी झाली, १९३७ मध्ये ती पुरी झाली. बंदी योग्यच होती. पण घरातली एक मजुरी बुडाली, आणि तिची भरपाई पुरुषाच्या मजुरीत करून देणं कुणालाच बंधनकारक नव्हतं.